कोरडा खोकला

निपाणीत खोकल्याची दखल कोण घेतं?
तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत शिरलं
की पाहुण्याला आधी शिंका येतात,
मग चहा येतो.
त्यामुळं आक्काताई खोकू लागल्या
तेव्हा घरात कुणी मान वर केली नाही.
मीही नाही. भाकरी थापत होते.

पण हा खोकला निराळा होता.
घशात कोंड्याचा कण अडकावा तसा,
रात्री दोनला उठवणारा,
अंथरुणात बसवून ठेवणारा,
आणि एवढं करून काहीच बाहेर न टाकणारा.

आडुळसा झाला. हळद-दूध झालं.
शेजारच्या बनुताईनं
नातवाची उरलेली औषधाची बाटली दिली.
दोन झाकणं घेऊन सासू कामावर गेल्या,
आणि पानं निवडता निवडता
ढिगावरच डोकं टेकून झोपल्या.
मुकादमानं त्या दिवसाची अर्धी हजेरी कापली.
मी बाटली मोरीत रिकामी केली.

मग एका सकाळी त्यांची चंची झटकताना
सुपारीच्या खांडांबरोबर
चार पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या.
प्रेशरच्या.
"खोकताना गिळवत न्हाई गं," म्हणाल्या,
"ऱ्हाऊ दे म्हटलं दोन दिस."
दोनाचे चार झाले होते.

चिकोडीच्या दवाखान्यात
पट्टणशेट्टी डॉक्टरीणबाईंनी
दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला,
पुन्हा बांधला.
आम्ही पिशवी टेबलावर उपडी केली:
प्रेशरची पाकिटं, गुडघ्याची गोळी,
जत्रेत घेतलेली चूर्णाची पुडी,
बनुताईच्या बाटलीचं झाकण.
त्यांनी एकेक उचलून उजेडाकडं धरलं.
"केम्मु," म्हणाल्या. "यावागिंद?"

कधीपासून.
आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.
सासू म्हणाल्या, "वीस वर्सं वखारीतच हाय की."
सगळे नेहमी तिथंच जाऊन थांबतात.

मी घरून भिंतीवरचं कॅलेंडर
गुंडाळी करून आणलं होतं.
दुधाच्या हिशोबात, चार तारखेच्या चौकटीत,
माझ्याच अक्षरात: नवी गोळी.
तेवीसला: रात्रभर खोकला, दूध अर्धा लिटर जास्त.
मधल्या एकोणीस दिवसांवर
डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण फिरवलं.

तंबाखू नव्हे, बाई. ही गोळी.
काहींना होतो असा खोकला, कोरडाच होतो.
आणि मग, सासूचा हात धरून,
आधी कानडीत: "बिडबेडि,"
मग आमच्यासाठी, लिंग चुकवत, सावकाश:
"आपल्या मनानं सोडायचा नाही. मला विचारून बदलायचा."
ओठ, जीभ, तोंड सुजलं तर
उद्याची वाट बघू नका, तसंच निघा, म्हणाल्या.

औषधाच्या दुकानातला मल्लेश
पाकीट देताना बोलला "ऊटा आदमेले,"
पाकिटावर छापलेलं इंग्रजी,
सासूला वाचता येत नाही तिन्हीतलं काहीच.
मी त्यावर सूर्य काढला
आणि शेजारी रिकामी ताटली.
त्या हसल्या. खोकल्या. पुन्हा हसल्या.

खोकला दुसऱ्या दिवशी गेला नाही.
तिसऱ्याही नाही.
मी रोज चौकटीत एक रेघ मारली:
लांब, लांब, तशीच, जरा आखूड.
विसाव्या दिवशी चौकट कोरी राहिली
आणि मला मध्यरात्री जाग आली,
घर इतकं शांत कसं म्हणून.

आता सासू वखारीत
शेवंताच्या शेजारी बसतात.
शेवंता खोकते, पदर तोंडाला लावते.
परवा सासूंनी तिला विचारलं,
अगदी डॉक्टरीणबाईंच्या आवाजात:
"यावागिंद गं?"
शेवंता म्हणाली, लग्न झाल्यापास्नं.
गोळी कुठली घेतीस?
कुठलीच नाही.

सासू गप्प बसल्या.
मग हातातलं पान फिरवून बघितलं,
दोन्ही बाजूंनी,
त्याच्यावर काही छापलेलं असावं तसं.