टाचेचे दोन ठोके

फॉर्मवर छापलेलं होतं : तात्पुरता.
खाली चौकटी. वय अंदाजे चौदा,
डावा कान फाटका, उजव्या मांडीत गाठ
(काढू नये, असं डॉक्टरीणबाईंचं मत),
नाव माहीत नाही.
किंगा म्हणाली, आम्ही बुर्श्तिन म्हणतो,
वादळानंतर समुद्र किनाऱ्यावर टाकतो ना
तो मधाच्या रंगाचा खडा, त्यावरून.
म्हटलं, कशावरूनही म्हणा,
तो वळून कुठे बघतोय?

सव्वीस वर्षं मी ग्दान्स्कमध्ये ट्राम चालवली.
हजारोंना चढवलं, उतरवलं,
घरी कुणालाच नेलं नाही.
तिसऱ्या मजल्यापर्यंत चौपन्न पायऱ्या,
तो प्रत्येक वळणावर थांबला
जणू कुणी चढायचं राहिलंय.
दुसऱ्या मजल्यावरच्या तेक्लाने दार किलकिलं केलं :
या वयात म्हातारं कुत्रं? पिल्लू तरी आणायचंस.
पिल्लू पंधरा वर्षं जगेल, म्हटलं,
माझ्यामागे त्याला तू बघणार?
तिने ओठ दुमडले, दार लावलं.
संध्याकाळी पायपुसण्यावर हाडांच्या रश्श्याचं पातेलं,
वर झाकण, झाकणावर वीट.

पहिले दहा दिवस
मी हाका मारत होते आणि तो फ्रिजकडे बघत होता.
सॉसेज खाऊन आतली गोळी
चाटून पुसून फरशीवर ठेवायचा,
निकाल दिल्यासारखी.
रात्री दाराच्या फटीला नाक लावून उभा.
भुंकणं नाही, कण्हणं नाही.
मी कूस बदलायचे. तो बदलायचा नाही.

मग किंगाने जुन्या मालकाचा पत्ता काढला.
लेस्लाव, वय एक्क्याण्णव, ओलिवातला वृद्धाश्रम.
भाचीने दोघांना एकाच सकाळी पोचवलं होतं,
आधी याला, मग त्यांना,
गाडी तीच.

त्याला घेऊन मी ट्रामने निघाले,
काचेमागे नाही, सगळ्यांसारखी बाकावर.
तो माझ्या बुटांवर झोपला.
लेस्लाव खिडकीशी होते. मला म्हणाले,
गॅसचं बिल मी भरलंय.
कुत्र्याचं नाव विचारलं.
त्यांनी डोळे मिटले, भावाचं नाव सांगितलं,
मग कुठल्याशा स्टेशनचं,
मग म्हणाले, माफ करा.
बुर्श्तिन गालिचा हुंगत होता,
शेपूटही हलली नाही.
मला परत निघायचं होतं. खरं सांगायचं तर रागही आला,
कुणावर ते कळेना.

आणि मग, कशासाठी कुणास ठाऊक,
म्हाताऱ्याने टाच उचलली
आणि लाकडी जमिनीवर दोनदा आपटली.

कुत्र्याचं सगळं अंग वळलं.
कानांनी नव्हे, पंजांनी ऐकलं त्याने.
गेला, सपातेवर हनुवटी टेकली.
लेस्लाव बाहेर बर्फाकडेच बघत राहिले,
हात मात्र आपला आपण खाली आला
आणि फाटक्या कानाची कड चाचपत बसला.

मी काही बोलले नाही.
माझ्या जुन्या ट्रामची घंटा पायाने वाजायची.
उजव्या पायाखाली लोखंडी बटण,
दोन ठोके : बाजूला व्हा, मी येतेय.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली
तरी झोपेत पाय गादीवर आपटतो.
एवढी वर्षं वाटायचं,
हे आता कुणाच्या कामाचं?

आता आम्ही दर गुरुवारी ओलिवाला जातो.
लेस्लाव दर गुरुवारी गॅसचं बिल भरलेलं असतात.

आज किंगाचा फोन. तीन महिने संपले,
फॉर्मवर पुढची तारीख काय टाकू?
मी स्वयंपाकघरात, एका पायातला बूट काढलेला,
टाच दोनदा आपटून झालेली.
पलीकडच्या खोलीतून नखं : खट, खट,
मग काहीच नाही,
मग खट.
थांब जरा, म्हटलं, तो येतोय.
मधे गालिचा आहे,
वेळ लागेल.