मुदत

डॉक्टर चांडक म्हणाले, मुदतीचा ताप आहे,
एकवीस दिवस धरून चाला, पुढे महिनाभर थकवा.
प्रेसमध्ये रजेचा अर्ज गेला.
घरात भाताची पेज, उकळलेलं पाणी,
आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली उतरवलेल्या
अठरा कादंबऱ्या,
ज्या मी 'नंतर' या शब्दाच्या भरवशावर जमवल्या होत्या.

पहिले काही दिवस ओळ धरून ठेवता येईना.
परिच्छेद संपेपर्यंत त्यातला माणूस
भलत्याच कादंबरीतल्या घरात शिरून
चहा मागत असायचा.
तापात मी दोघातिघांची लग्नंही लावली असतील.

मग ताप उतरला आणि सवय चढली.
सव्वीस वर्षं मी छापलेले कागद तपासते.
शाई पसरली का, रेघ तुटली का, आकडा सरकला का.
वाचायचं नसतं. जी वाचते ती चुकते,
असं आमच्या बोराडेबाई पहिल्याच दिवशी सांगत.
तशीच कादंबरी तपासली:
पान सत्तेचाळीस, 'दुःखा'चा विसर्ग गायब.
पान ऐंशी, एक ओळ दोनदा.
पान एकशे बारा, मामाचं नावच बदललेलं.
नवऱ्याला हाक मारून दाखवलं.
तो म्हणाला, म्हणजे बरी होतेयस.

दुपारी देवळालीकडून तोफांचा सराव.
खिडकीची काच थरथरते, भांड्यातलं पाणी हलतं.
पुस्तकातली माणसं दचकत नाहीत,
जेवत राहतात.

हसीना तांबोळी टेबलावरच्या बातम्या घेऊन आली,
आणि ओझरहून आलेली द्राक्षं.
अजून परवानगी नव्हती.
ती गेल्यावर एक मणी नुसता हातात धरून बसले,
गार, आतून उजेड असलेला,
पान उलटायचं राहून गेलं.

नववी कादंबरी उघडली तर आतून बसचं तिकीट पडलं.
नाशिकरोड ते शालिमार. आकडे उडालेले.
पान एकसष्ट.
तिथे एक बाई आडावर उभी,
भरली बादली अर्ध्यावर ओढलेली, दोर हातात,
मागून कुणीतरी हाक मारलेली.
ती वळायच्या आत मी पुस्तक मिटलं होतं.
कशासाठी, आठवत नाही. कुकर असेल,
पोराचा गोवर असेल, ओव्हरटाइम असेल.
एकोणीस वर्षं ही बाई बादली धरून उभी आहे
आणि मी आत्ता विचारतेय, हात भरून आले का.

शेवटच्या पानावर वाचनालयाचा शिक्का, परतीची तारीख.
ते वाचनालय आता नाही.
जेल रोडवर त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात.
तरी मी दंड काढून पाहिला,
रोजचे पंचवीस पैसे, बोटांवर:
सतराशे पस्तीस रुपये.
घ्यायला कोणी नाही.

तिला वळू दिलं.
हाक मारणारा दीर होता, निरोप वाईट होता,
हे तिला त्याच्या आवाजावरूनच कळलं.
तरी आधी तिने बादली पुरती वर ओढली,
काठावर टेकवली,
पदराला हात पुसले,
आणि मग म्हणाली, "सांगा."

त्या चार ओळींत छपाईची चूक होती की नाही
मला सांगता येणार नाही.

उद्या सोमवार. फिटनेसचा दाखला
औषधाच्या बाटलीखाली दाबून ठेवलाय.
डबा, चष्मा, ओळखपत्र.
पर्समध्ये पुस्तक टाकलं, पुन्हा काढलं.
आमच्या गेटातून कागदाचा कपटाही आत नेता येत नाही,
बाहेर आणायचं तर नावच नको.

म्हणून तेच तिकीट पुन्हा आत, पान दोनशे चार.
यावेळी मात्र बघून ठेवलं:
पाहुणे परतलेत, दार लोटलेलं आहे,
ती चुलीपुढे पाटावर बसलीय, हात शेकत.
संध्याकाळपर्यंत
चालेल तिला.