अपूर्ण वर्तमान

उदगीरच्या कॉलेजात आठवड्याला माझ्या नऊ तासिका,
एकेक अठ्ठेचाळीस मिनिटांची.
उरलेल्या वेळात मी एका प्रत्ययामागं हिंडतो:
येलालाय, करलालाय, बसलालाय.
कुठून आला, कन्नडच्या वाटेनं की आपला आपण,
कोणत्या गावाच्या वेशीपाशी थांबतो.
सहा वर्षं झाली.
तोही थांबत नाही, मीही.

तोंडारला शेवंताबाई बिरादार
तुरीच्या शेंगा सोलत मला तक्ता भरू देत होत्या.
खा, ये, दे, बस. सगळी रूपं सरळ आली.
मग 'मर' आला.
तो मेला. ते मेले.
म्हटलं, आता प्रथमपुरुष, 'मी मेले' म्हणा.
शेंग हातातच राहिली.
"मी मेल्यावर मी कशी म्हणीन रे बाळा?"
आणि अशा हसल्या
की ध्वनिमुद्रणात शेळी दचकलेली ऐकू येते.
फाइल सतरा, मिनिट बारा.
प्रबंधातली ती चौकट मी रिकामी ठेवली.
मार्गदर्शक म्हणाले, भरा, नाहीतर तळटीप द्या.
तळटीप अजून लिहितोय.

सोमवारी दुसऱ्या वर्षाला शिकवलं,
बोली अशुद्ध नसते.
फळ्यावर लिहून खाली दोनदा रेघ ओढली.
मैनोद्दीन तांबोळी मागच्या बाकावरून उठला,
घटक चाचणीचा पेपर उलगडत:
"सर, मग हे लाल कामून?"
'नदीला पाणी येलालं होतं.'
वर्तुळ माझंच. शाईही.
वर्गात कुणी हसलं नाही,
हसले असते तर बरं झालं असतं.
मी म्हणालो, लेखनाचे नियम वेगळे.
म्हणालो, परीक्षक बाहेरचे असतात.
म्हणता म्हणता स्वतःला ऐकलं:
माझ्या तोंडात एकही 'लाल' नाही.
पुण्याच्या दोन वर्षांत कुठं गळालं,
कोणत्या मेसच्या रांगेत,
नोंद नाही.
तोवर घंटा झाली.

ऑफिसात हुडगे बाबूंना विचारलं,
नोव्हेंबरचं बिल?
"निघलालंय सर."
खिशातल्या वहीत टिपलं:
क्रिया सुरू, शेवट अनिश्चित.
निवेदक पुरुष, वय पन्नाशीचं, चहा पीत.

रात्री आईचा फोन.
पहिलं वाक्य नेहमीचंच,
"काय करलालास?"
आज तिच्याच रूपात उत्तर द्यायचं ठरवलं होतं.
जीभ दातांमागं गेली, 'ल'वर टेकली,
तिथंच बसून राहिली.
"पेपर तपासतोय," म्हणालो.
"तपास," ती म्हणाली, "तपास.
जेवून घे."

मैनोद्दीनचा पेपर मी मागून घेतला होता.
कापलेला अर्धा गुण परत दिला, बेरीज सुधारली,
सही केली.
वर्तुळ तेवढं राहिलं.