यानाचा आवाज

इंटरव्हललाच बाहुबली म्हणाला, "न्हाई जमलं लगा."
पॉपकॉर्नचा खोका मांडीवर तसाच,
तीनशे ऐंशीचा, म्हणून टाकवतही नव्हता.

सांगलीच्या गारठवणाऱ्या थेटरात आम्ही चौघं,
तासगावहून एकाच गाडीनं आलेलो.
घरी सांगितलेलं, दाताच्या डॉक्टरकडं जातोय.
चौघांचेही दात एकाच दिवशी दुखत होते.

पडद्यावर तोच लाल ग्रह, तोच कप्तान,
चेहरा तेवढा नवा, आणि पैसा
ढगाढगातून गळणारा.
धूळसुद्धा कण मोजून उडवलेली.

"जुन्यात आभाळ म्हणजे काळं कापड," अलका म्हणाली,
"चांदण्या म्हणजे त्याला पाडलेली भोकं.
एक चांदणी तर हलायची.
मागं कुणीतरी दिवा धरून उभं असणार.
हात भरून आला असंल बिचाऱ्याचा."
ती शाळेत विज्ञान शिकवते.
तिला हलणारी चांदणी चालते.

दस्तगीर नव्याच्या बाजूचा.
राक्षस आत्ता कुठं राक्षस वाटतोय, म्हणाला,
तेव्हा पाठीवरची चेन दिसायची,
आणि तुम्ही त्या चेनवर जीव टाकता.
टाकतो.
चेन दिसली की कळायचं, आत माणूस आहे,
घामानं भिजलेला,
आणि ती चेन त्याला दुसऱ्या कुणीतरी लावून दिलीय.

सुटल्यावर भडंगाच्या गाड्यापाशी
तेच भांडण बॉनेटवर मांडलं.
"हे सगळं ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं,
"यानाचा आवाज कुठं गेला?"

इथं दस्तगीरही गप्प झाला.
कारण तो आवाज
बाकड्यातून मांडीत, मांडीतून दातात चढायचा,
धग्‌धग्‌धग्‌धग्‌,
मध्येच पट्टा घसरल्यासारखा एक ठोका चुकायचा,
परत धग्‌धग्‌.
कप्तान एकटा रडायचा तेव्हाही खालून चालूच,
जणू यान म्हणतंय, रड तू, मी हाय.
आणि ग्रहावर उतरलं की अख्ख्या व्हिडिओ सेंटरला शिंका.
तिथली हवा विषारी आहे
हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

गाडी चालवायला बाहुबलीचा पुतण्या, पारस.
त्यानं मोबाईलवर जुना लावला,
धुऊन-पुसून काढलेली प्रत.
वीतभर उजेडावर चार पिकली डोकी.
यान उठलं.
काही नाही.
मागं नेलं. पुन्हा उठवलं. आवाज पूर्ण वाढवला.
बारीक वारा, बस्स.

"कापलाय ह्यांनी," बाहुबली म्हणाला. "ह्यो मूळ न्हाईच."

अलका मोबाईलकडं बघत नव्हती.
"मी कशी यायचे रे सिनेमाला?"
कशी म्हणजे?
"दळणाचा डबा नंबरात लावून यायचे.
वीज सातला यायची.
सातला तुमचं यान.
सातलाच शेजारी मगदुमांची गिरणी."

भडंग कुणी चावेना.

"आणि शिंका?" दस्तगीरनं विचारलं,
उत्तर ठाऊक असलेल्या माणसासारखं.
"बुधवारी मिरची कांडप."

माझ्या डोक्यात पस्तीस वर्षं
एक यान जोंधळ्यावर चाललं होतं.
एवढंच मला कळलं तेव्हा,
आणि त्याचं वाईट वाटावं की काय, ते नाही कळलं.

परतताना पारस म्हणाला,
"मग काका, फायनल काय? नवा भारी का जुना?"
कुणी बोललं नाही.
कवलापूर मागं पडलं.
दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, अंधारात नुसत्या तारा.
मागच्या सीटवर बाहुबलीनं
तोंडानंच हळू सुरू केलं, धग्‌धग्‌धग्‌.
दस्तगीर मिसळला. मग मी.

चुकणारा ठोका अलकानं चुकवला,
बरोब्बर जागेवर.