विसार

धनकवडीत, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस.
जिना अरुंद. वर येईतो माणसाचा
अर्धा राग जिन्यातच उतरतो,
उरलेला मी चहावर उतरवते.

त्या दिवशी दोघं नुसतेच दमून आले.
फडतरे, एसटीच्या दापोडी वर्कशॉपातून रिटायर्ड,
बालाजीनगरचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकणारे.
मृण्मयी हिरेमठ, मूळ सोलापूरची, नोकरी खराडीत,
घेणारी. एकटीच?
हे फडतऱ्यांनी दोनदा विचारलं.

पाच लाख विसार.
मी म्हटलं, तुमच्याही हाती नको, तिच्याही नको,
एस्क्रो खात्यात राहू दे. पंचेचाळीस दिवस.
सोसायटीचा ना-हरकत दाखला, कर्जाची मंजुरी,
मग हवेलीत नोंदणी. त्या दिवशी पैसे तुमचे.
तोवर दोन सह्यांखेरीज बँक दमडी हलवणार नाही.

"एस्क्रू," फडतरे मान हलवत म्हणाले.
मी दुरुस्त करणार, तर ते पुढे :
"आमच्या बाकावर वाइस असायचा. दोन जबडे.
दोन्हीकडून धरलं तरच कानस चालते."
आता मीही पक्षकारांना तेच सांगते.

मग पेपरात नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की
कुणाचा हक्क, गहाण, दान, बोजा, हितसंबंध असल्यास
चौदा दिवसांत लेखी हरकत घ्यावी.
कुणी घेतली नाही.
फडतऱ्यांच्या बायकोनं कढीपत्त्याची कुंडी
अठरा वर्षं त्या खिडकीतून हलू दिली नव्हती.
ती जाऊन दोन वर्षं झालेली.
असल्या हितसंबंधाला नोटिशीत शब्द नाही.

अडतिसाव्या दिवशी मृण्मयीचा फोन.
कंपनीनं चाळीस जण काढले, त्यात ती.
मंजुरी मागे घेतली बँकेनं, दोन ओळींच्या मेलनं.
"मॅडम, कलम नऊ काय म्हणतं?"
कलम नऊ मीच लिहिलेलं :
घेणार मागे हटल्यास विसार जप्त.
एकही शब्द इकडे-तिकडे होणार नाही असं.

फडतरे आठ दिवस फिरकले नाहीत.
तळेगावला, मुलीच्या शेजारी, त्यांनीही एक घर धरलेलं,
पन्नास हजार रोख, वहीच्या पानावर पावती.
ते गेलेच.
इकडे पाच लाख खात्यात तसेच,
शाबूत, बिनवारशी,
कुणाच्याच दुधाच्या बिलाला उपयोगी नाहीत.
मुदत टळली. मी दोघांना पत्र लिहिलं,
तेच पत्र, फक्त नाव बदलून.

नवव्या दिवशी जिना चढून आले. बसले नाहीत.
"नोटिशीचे तेवीसशे. तळेगावचे पन्नास हजार.
एवढे कापा. बाकी तिचं तिला."
मी म्हटलं, कायद्यानं सगळे घेता येतील.
"वाचलंय मी," म्हणाले.
"फार आवळलं की मालावर जबड्याचे दात उमटतात.
मग तो माल कुणी घेत नाही."
कुठला माल, ते मी विचारलं नाही.

मृण्मयी संध्याकाळी आली.
बावन्न हजार तीनशे, तिनं मोबाइलवर वजा करून पाहिले,
पुन्हा पाहिले, मग सही.
आभार मानले नाहीत. मानावेत असं मलाही वाटलं नाही.
बँकेनं आणखी चार दिवस घेतले.

फ्लॅट अजून विकायचाय.
फडतरे त्या दिवशी माझं पेन खिशाला लावून गेले,
त्याची पावती कुणाकडेच नाही.