मुलाखत क्रमांक सात

वडगावात, मागांच्या वर, आमचा क्लास.
बावीस वर्षं मी इथं अलंकार घोटून घेते.
आता धारवाडला नाव नोंदवलंय:
संगीत-शिक्षकांची कार्यसंस्कृती.
म्हणजे आम्हीच.

संमतीपत्रं काढली, मराठीत नि कन्नडात.
कुलगोड सरांनी न वाचताच सही ठोकली.
‘तुला ठाऊक नाही असं काय आहे गे?’
ज्याला विचारावं त्याचं उत्तर इथंच येऊन थांबतं:
तुला ठाऊकच आहे की.
आणि मी मान हलवते.
मान हलल्याचा आवाज टेपवर येत नाही.

हुसेनसाब डग्ग्याची वादी ओढत म्हणाले,
‘ते यंत्र बंद कर, मग सांगतो.’
केलं बंद. त्यांनी सांगितलं.
परीक्षकांच्या जेवणाचा खर्च, वाढलेले गुण,
पेटीच्या झाकणाखाली कुणाचं बोट आलं होतं
आणि झाकण कुणी लोटलं.
ते सगळं आता माझ्याजवळ आहे,
कुठल्याच पानावर नाही.
उद्या साडेसहाला त्यांच्याच ठेक्यावर
पोरींना भूप द्यायचाय.

धारवाडच्या बाईंनी सातवी मुलाखत ऐकली.
हेडफोन काढून म्हणाल्या,
‘मागे सारखं काय वाजतंय हे?’
कुठं काय, मी म्हटलं.
त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला.
माग, बाई.
खाली माग आहेत.
बावीस वर्षं.

रात्री परत लावलं.
शेजारच्या खोलीत पोरींचे पलटे,
त्यांच्याखाली खटखट,
आणि खटखटीच्या आड, जिन्यावर,
कुणीतरी पलट्याला पलटा जोडतंय.
रिषभ जरासा उतरलेला, बाकी चोख.
कांड्या भरणाऱ्या इराक्काची धाकटी असणार.
सरांचं वाक्य चालूच आहे,
‘आपल्याकडं कधी कुणाला मज्जाव नाही.’
दार करकरतं.
एक बाई ओरडते,
‘ए, खाली हो गे! मुलाखत चाललीय.’

मुलाखत कागदावर उतरवताना
प्रत्येक ओळीआधी नाव लागतं.
कु. म्हणजे कुलगोड, सं. म्हणजे संशोधक.
ह्या ओळीआधीची जागा
तीन दिवस झाले, कोरी.

जिन्यावरचा पलटा पंचमावर तुटलाय.
त्याच्यापुढं कंसात
एवढंच लिहून ठेवलंय:
(माग.)