काळ्या पेशी

अकरा वर्षं लेइदा क्रूसमाएनं काळ्या पेशी मोजल्या.
तार्तूत, तळघरात, जिथल्या खिडकीतून
माणसांचे नुसते बूट दिसत.
मी तिच्यासाठी काप काढायचो:
मेणात थिजवलेला उंदराचा मेंदू
पात्याखालून फितीसारखा उलगडायचा,
कोमट पाण्यावर सायीसारखा पसरायचा
आणि मी तो कुंचल्यानं काचेवर घ्यायचो, श्वास रोखून.
अजूनही चहावर फुंकर मारताना
आधी दचकतो.

मिळत काहीच नसे तेव्हा.
सिल्व्हर नायट्रेट ती आणायची फोटोवाल्या एल्मारकडून,
बदल्यात त्याच्या आईची दुखणी ऐकून घ्यायची.
अल्कोहोल रात्रीचा पहारेकरी प्यायचा
आणि इमानानं तेवढंच पाणी बाटलीत भरून ठेवायचा.
तिनं बाटलीवर कवटी काढली.
तो म्हणाला, हात चांगला आहे बाईंचा.

चांदी चढली की पिवळट काचेवर त्या दिसायच्या,
आकसलेल्या, काळ्याभोर,
पिळून दोरीवर विसरलेल्या कपड्यांसारख्या.
"बघ वाल्दुर, पेशी मरते ती अशी."
आजारी उंदरांत शेकड्यांनी, निरोगी उंदरांत तुरळक.
यावर प्रबंध झाला, लेनिनग्राडहून पदक आलं,
तीन विद्यार्थ्यांची लग्नं झाली याच आकड्यांवर.

मग एका मार्चमध्ये
एमायगी नदीवरचा बर्फ कडकड फुटत असताना
निरोप आला, तिची आई जिन्यावरून पडली.
फॉर्मालिन भरलेले उंदीर तसेच ट्रेमध्ये राहिले.
दुसऱ्या संध्याकाळी ती परतली, कवट्या उघडल्या,
मी काप काढले.
एकही काळी पेशी नाही.

ती आधी माझ्यावर रागावली, मग चांदीवर, मग एल्मारवर.
मग दोन दिवस बोललीच नाही.
तिसऱ्या दिवशी एक धडधाकट उंदीर घेतला,
मेंदू उघडा केला, अंगठ्यानं हलकेच दाबला.
काचेवर अंगठ्याएवढंच काळं गाव.

आजार नव्हताच तो. हात होता.
आजारी उंदीर ती स्वतः उघडायची, घाईनं, आशेनं;
निरोगी माझ्याकडे द्यायची,
आणि मी मुळातच मंद माणूस.

लोक म्हणाले, कुणी विचारलंय का? गप्प बस.
तिनं मासिकाला चार ओळी लिहिल्या, मी टंकल्या.
"माझे हात" हे शब्द संपादकानं काढले,
तिनं पुन्हा घातले.
पदक खिडकीच्या फटीत सरकवलं. वारा यायचा तिथून.

पुढची सव्वीस वर्षं तिनं काय शोधलं
ते विद्यापीठाच्या यादीत आहे, मला नीट सांगता येणार नाही.
नव्या मुलांना पहिला धडा मात्र एकच असे:
ओता. म्हणजे थांब.
मुलं घड्याळ बघत उभी राहायची, ती मुलांकडे बघत.

गेल्या हिवाळ्यात ती गेली, मेंदू आमच्यासाठी ठेवून.
कागदावर तिचं अक्षर:
चोवीस तास कुणी हात लावू नये.
मला घरून बोलावलं. हात थरथरतात,
पण पातं मला ओळखतं.
मी तेवीस तास थांबलो.

पेशी गोल, फिकट, प्रत्येकीचं केंद्रक जागच्या जागी.
फक्त एका कडेला पाच-सहा काळ्या.
तावी, आमचा नवा प्रमुख, भिंगावर वाकला.
हे काय, आजाराची सुरुवात होती का?

नाही, म्हणालो. उचलताना
जरा घट्ट धरला गेला.